अनाथाचा वाली कोण? बालकल्याणावरील शासकीय देखरेखीची फेररचना

१ सप्टेंबर २०२२ या दिवसापासून आपल्या देशातील बालन्यायाच्या व्यवस्थेत एक महत्त्वाचा फेरबदल अमलात आला. संसदेने २०२१ साली संमत केलेली बालन्याय कायद्याची दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली आणि निराधार मुलांच्या संस्थांवरील देखरेखीची सूत्रे प्रामुख्याने जिल्हाधिकाऱ्याच्या हाती आली. दत्तकविधानाच्या अनुषंगाने वृत्तपत्रांतून त्याविषयी थोडीफार चर्चा झाली. परंतु ज्यांच्या आवारात वसतिगृहे व अनाथालये उभी आहेत त्या आपणा धर्मगुरूंनी आणि धर्मशिक्षकांनी हा बदल जितका समजून घ्यावयास हवा होता तितका तो घेतला गेला आहे असे म्हणवत नाही. निरीक्षणासाठी अधिकारी दाराशी आला की आपल्यापैकी काहींना ती सेवाकार्यातील ढवळाढवळ वाटते, तर काहींना ती केवळ कागदपत्रांची कटकट वाटते. ही देखरेख कशासाठी निर्माण झाली, तिची आजची रचना कोणती आणि तीत आपले स्थान कोठे आहे, हे विशद करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

मुलाचा गुन्हा आणि मुलाची निराधारता यांचा विचार प्रौढांहून वेगळा झाला पाहिजे, ही कल्पना आपल्या कायद्यात हळूहळू रुजली. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यान्वये दहा ते अठरा वर्षांच्या निराधार अथवा अपराधी मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय झाली. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा आला व १८९७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवावे व त्यांची चौकशी वेगळ्या न्यायालयात व्हावी, असा आग्रह १९१९–२० च्या भारतीय तुरुंग समितीने धरला. त्यानंतर मद्रास प्रांताने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई प्रांताने १९२४ साली आपापले बालकायदे केले. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली ती याच लाटेत.

हे कायदे प्रांतिक होते. मूल कोणत्या वयापर्यंत 'मूल' मानावयाचे, हेही प्रांतागणिक बदलत असे. १९६० चा केंद्रीय बालकायदा केवळ केंद्रशासित प्रदेशांपुरता होता. परिणामी एकाच वयाचा, एकाच अपराधाचा मुलगा एका राज्यात सुधारगृहात जाई, तर दुसऱ्या राज्यात प्रौढांच्या तुरुंगात. तुरुंगांतील मुलांची ही दैना पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. १९८६ साली त्या प्रकरणात न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि साऱ्या देशासाठी एकच कायदा असावा अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याच वर्षी पहिला बालन्याय कायदा संमत झाला व २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस मान्यता दिली. पहिल्या कायद्यात मुलग्यांसाठी वयोमर्यादा सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी अठरा केली. आज लागू असलेला कायदा २०१५ चा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

ठरविणारा, सांभाळणारा आणि पाहणारा

२०१५ चा कायदा मुलांचे दोन वर्ग करतो. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशी विधिसंघर्षग्रस्त मुले हा पहिला. आणि निराधार, टाकून दिलेली, हरवलेली, राबवून घेतली जाणारी किंवा छळ सोसणारी, म्हणजेच काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले हा दुसरा. पहिल्या वर्गातील मूल बालन्याय मंडळापुढे जाते. त्यात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असावी लागते. दुसऱ्या वर्गातील मूल बालकल्याण समितीपुढे जाते. तिला एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या न्यायपीठाचे अधिकार असतात. दोन्ही ठिकाणी मुलाला चोवीस तासांच्या आत हजर केले पाहिजे. प्रवासास लागणारा वेळ तेवढा वगळला जातो.

या व्यवस्थेतील अनेक संज्ञांनी वाचक गोंधळून जाण्याचा संभव आहे. म्हणून तिचे सार तीन कामांत पाहणे सोयीचे ठरेल. मुलाचे हित कशात आहे हे ठरविणे, हे पहिले काम. ते मंडळाचे व समितीचे. मुलाला अन्न, निवारा, शिक्षण व माया देऊन सांभाळणे, हे दुसरे काम. ते बालगृहाचे, निरीक्षणगृहाचे, विशेष गृहाचे, पालक-कुटुंबाचे. आणि सांभाळणारा नीट सांभाळतो की नाही हे पाहणे, हे तिसरे काम. ते शासनाचे, निरीक्षण समित्यांचे व बालहक्क आयोगांचे. ही तीन कामे तीन निरनिराळ्या हातांत असली तरच मूल सुरक्षित राहते. सांभाळणाराच ठरवू लागला, अथवा पाहणाराच सांभाळणाऱ्याचा मिंधा झाला, की मुलाची तक्रार ऐकावयास कोणीच उरत नाही. देखरेखीच्या प्रत्येक फेररचनेकडे याच कसोटीने पाहिले पाहिजे.

देखरेख कोठे ढिली पडली

कायदा चांगला असूनही देखरेख अपुरी पडली, हे गेल्या काही दशकांतील घटनांवरून दिसून येते. गोव्यात १९९१ साली मडगाव परिसरातील एका तथाकथित अनाथालयात मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याचे उघडकीस आले. ते चालविणाऱ्या इसमाला १९९६ साली जन्मठेप झाली. समाजात त्याची ख्याती परोपकारी गृहस्थ अशी होती, ही गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी. पुढे गोवा राज्याने २००३ साली स्वतःचा बालकायदा केला व मुलांसाठी विशेष न्यायालयाची तरतूद केली.

तमिळनाडूतील अनाथालयांविषयीचे एक प्रकरण २००७ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे होते. त्याचा निकाल ५ मे २०१७ रोजी लागला. देशातील मुलांच्या सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पूर्ण करावी व संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण व्हावे, असा आदेश न्यायालयाने दिला. केंद्र शासनाने करविलेल्या देशव्यापी पाहणीत अशा ९,५८९ संस्था मोजल्या गेल्या व त्यांत सुमारे ३ लाख ७० हजार मुले राहत होती. यांतील ९१ टक्के संस्था बिगर-शासकीय होत्या. आणि २०१६ साली बालन्याय कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्थांचे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश होते. म्हणजे सांभाळण्याचे काम बहुतांशी समाजाने, त्यात धर्मसंस्थांनीही, उचलले होते. पाहण्याचे काम मात्र शासनाने पुरतेपणी उचलले नव्हते.

मुजफ्फरपूरच्या प्रकरणाने तर शासकीय देखरेखीचेच वाभाडे निघाले. बिहारमधील त्या शहरातील एका बालिकागृहास सरकारी अनुदान होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने बिहारमधील संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले, तेव्हा २०१८ साली तेथील मुलींवरील अत्याचार प्रकाशात आले. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरविले. बिहारमधील आश्रयगृहांच्या तपासाअंती जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यांवरही कारवाईची शिफारस झाली. सरकारी दप्तराला जे दिसले नव्हते ते मुलींशी शांतपणे बोलणाऱ्या बाहेरच्या माणसांना दिसले. निरीक्षकाने इमारत, भिंतींचा रंग व स्वयंपाकघर पाहून परतणे म्हणजे देखरेख नव्हे, हा या प्रकरणाचा बोध होय.

२०२१ ची दुरुस्ती

या पार्श्वभूमीवर २०२१ ची दुरुस्ती आली. तिच्यामागील विचार थोडक्यात असा : जबाबदारी अनेक खात्यांत विखुरली की कोणीच जबाबदार राहत नाही, तेव्हा जिल्ह्यात तिला एकच पत्ता असावा. तो पत्ता म्हणजे जिल्हा दंडाधिकारी. आणि त्यात अपर जिल्हा दंडाधिकाऱ्याचाही समावेश होतो. गोव्यात, इंदूर-ग्वाल्हेरकडे, वडोदऱ्यात किंवा हैदराबादेत लोक त्यांना कलेक्टर म्हणतील. बेळगावकडे हेच पद उपायुक्तांचे असते.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष आता त्यांच्या देखरेखीखाली चालतो. बालकल्याण समितीने त्यांना अहवाल द्यावयाचा व त्यांनी दर तीन महिन्यांनी तिच्या कामाचा आढावा घ्यावयाचा. समितीच्या कारभाराविषयी मुलाला किंवा त्याच्या संबंधितांना तक्रार करावयाची असल्यास ती त्यांच्याकडे करावयाची. नव्या संस्थेची नोंदणी करण्यापूर्वी राज्य शासनाने त्यांची शिफारस विचारात घ्यावयाची. निरीक्षण समितीने तीन महिन्यांतून निदान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यावयाची. त्या पथकात तीनहून कमी सदस्य नसावेत आणि त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा. आणि आठवड्याच्या आत अहवाल जिल्हा दंडाधिकाऱ्यास सादर व्हावा. शिवाय दत्तकाचा आदेश, जो पूर्वी न्यायालय देत असे, तोही आता त्यांच्याकडे आला असून त्यावरील अपील विभागीय आयुक्तांकडे जाते.

याच दुरुस्तीने समिती-सदस्यत्वाचे निकषही कडक केले. बालहक्कांच्या भंगाचा पूर्वेतिहास असणारा, नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, किंवा जिल्ह्यातील एखाद्या बालसंस्थेच्या व्यवस्थापनात असणारा मनुष्य त्या समितीवर बसू शकत नाही. यांतील शेवटची अट आपल्याशी निगडित आहे. वसतिगृहाचा किंवा बालगृहाचा कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूला समितीवर घ्यावे अशी मागणी सद्भावनेने होत असते. सांभाळणारा आणि ठरविणारा एकच असू नये, या तत्त्वामुळे कायद्याने तिला नकार दिला आहे. तो नकार आपण अपमान म्हणून घेऊ नये.

जमेच्या आणि उण्या बाजू

एकाच अधिकाऱ्याकडे सूत्रे गेल्याचा लाभ उघड आहे. आजारी मुलाला रुग्णालय, शाळा सुटलेल्या मुलाला प्रवेश, कागदपत्रे नसलेल्याला जन्माचा दाखला : ही सारी खाती जिल्ह्यात ज्याच्या शब्दाने हलतात तो अधिकारी आता मुलांसाठी उत्तरदायी आहे.

परंतु शंकाही तितक्याच रास्त आहेत. महसूल, निवडणुका, पूर व दुष्काळ यांचा भार वाहणाऱ्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांच्या आढाव्यासाठी खरोखर किती वेळ मिळणार? ज्याच्या हाताखाली बाल संरक्षण कक्ष आहे त्याच्याकडेच समितीविषयीच्या तक्रारी जाव्यात, हे कितपत योग्य? दत्तकविधानाने मुलाचे नाते, नाव व वारसा बदलतो. असा निर्णय न्यायालयातून कार्यालयात नेणे इष्ट आहे काय? हा प्रश्न न्यायालयांपुढेही गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्यापुढील प्रलंबित दत्तक प्रकरणे तूर्त आपल्याकडेच राहतील असा अंतरिम आदेश दिला.

सर्वांत चिंतेची तरतूद मात्र फारशी चर्चिली गेली नाही. तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे या दुरुस्तीने अदखलपात्र केले. मुलांची विक्री, त्यांना भीक मागावयास लावणे, संस्थेच्या चालकाने किंवा सेवकाने मुलाशी केलेली क्रूरता हे गुन्हे या कायद्याखाली याच पट्ट्यात मोडतात. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. ज्याला वाली नाही अशा मुलाने तो आदेश कोणाकरवी मिळवावा? एका हाताने देखरेख बळकट करून दुसऱ्या हाताने पोलिसांचे दार अर्धवट लोटून घेण्याचाच हा प्रकार होय. बालकल्याण समितीच्या निर्णयांवर सामान्यतः बाल न्यायालयाकडे तीस दिवसांत अपील करता येते, हा न्यायाचा धागा मात्र शाबूत राहिला आहे.

आपल्या संस्था व हा कायदा

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. "आमचे वसतिगृह शाळेचे आहे, अनाथालय नव्हे, तेव्हा नोंदणीचा प्रश्न आम्हांला लागू नाही," असे म्हटले जाते. केवळ शिक्षणासाठी आई-वडिलांनी पाठविलेली मुले जेथे राहतात त्या छात्रालयापुरते हे म्हणणे समजण्याजोगे आहे. पण कायद्याचे शब्द असे आहेत की, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना पूर्णतः किंवा अंशतः ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने, तिला अनुदान असो वा नसो, नोंदणी केलीच पाहिजे. साठ मुलांच्या छात्रालयात कोणी नातलग नसलेली पाच मुले आपण दयेपोटी ठेवून घेतली असतील, तर 'अंशतः' हा शब्द आपल्याला लागू होण्याचा संभव आहे. नोंदणी न केल्यास चालकास एक वर्षापर्यंत कैद, किंवा निदान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून शंका असेल तेथे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी विचारणा करावी व उत्तर फाइलीत ठेवावे.

दुसरी गोष्ट धर्मशिक्षकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. समजा, रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर एखादे लहान मूल सापडले. किंवा एखाद्या म्हातारीने "याचे कोणी नाही, तुम्हीच ठेवा" म्हणून नातू आपल्या हवाली केला. अशा वेळी मुलाला घरी नेऊन वाढविणे, अथवा मूल नसलेल्या एखाद्या भाविक दांपत्याच्या ओटीत घालणे, हे आपल्या वाडवडिलांना पुण्यकर्म वाटले असते. आज ते कायद्याविरुद्ध आहे, आणि विचार केल्यास मुलाच्याही विरुद्ध आहे. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती, बाल संरक्षण कक्ष, जवळचे पोलीस ठाणे किंवा १०९८ या दूरध्वनीवर माहिती देणे बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. (१०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि २०२३ पासून ती शासन स्वतः चालवू लागले.) या नियमाचे कारण साधे आहे. ते मूल कदाचित हरवलेले असेल आणि त्याची आई दुसऱ्या गावी त्याला शोधत असेल. म्हणूनच टाकलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिने, आणि मोठे असेल तर चार महिने आई-वडिलांचा शोध घेतल्याखेरीज ते दत्तकास मोकळे ठरविले जात नाही. आणि आई-वडिलांनी आपण होऊन समितीपुढे मूल सोपविले तरी फेरविचारासाठी त्यांना दोन महिने मिळतात.

तिसरी गोष्ट लैंगिक अत्याचाराची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना ते सांगितलेच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालील माणसाविषयी मौन पाळले तर त्याला अधिक शिक्षा आहे. "आधी वरिष्ठांना कळवू, मग पाहू" ही पद्धत या कायद्यात बसत नाही. संस्थेच्या नावाला जपण्यासाठी मुलाची तक्रार दाबणे हे कायद्याने गुन्हा, आणि आपल्या शिकवणीने पाप आहे.

आपला जुना प्रश्न

आपल्या संस्थांवर बाहेरच्यांनी लक्ष ठेवावे का, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. त्याच्या सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. आश्रमातील मुलींच्या धर्माविषयी वाद माजला आणि १८९३ साली त्या दोघांनी मंडळाचे राजीनामे दिले. त्या वादात कोणाची बाजू कितपत बरोबर होती याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण आश्रयाला आलेल्या मुलीच्या असहायतेचा तिच्या श्रद्धेवर दाब पडता कामा नये, ही अपेक्षा तेव्हाच्या आपल्याच मित्रांनी व्यक्त केली होती, हे विसरता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अज्ञान विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात सहभागी करता येत नाही, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते. ज्याला पालकच नाही त्याच्या बाबतीत तर आपली जबाबदारी दुप्पट होते.

निरीक्षण पक्षपाती असू शकते, एखाद्या अल्पसंख्य समाजाच्या संस्थेकडे संशयाने पाहिले जाऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यावरचा उपाय दार बंद करणे हा नव्हे. प्रत्येक मुलाची वैयक्तिक फाइल, समितीच्या आदेशाची प्रत, आरोग्याची नोंद, कर्मचाऱ्यांची पडताळणी, मुलांची स्वतःची समिती व तिच्या बैठकींचे वृत्तांत ही सारी कागदपत्रे जेथे नीट आहेत तेथे पक्षपाताला उत्तर देता येते. ती नसतील तर न्याय्य निरीक्षकापुढेही मान खाली घालावी लागते.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रात पूरकतेचे तत्त्व मांडले. लहान घटकाला जे साधते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, आणि लहान घटक जेथे अपुरा पडतो तेथे मोठ्याने आधार द्यावा. २०१५ च्या कायद्याची मूलतत्त्वे याच्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळतात. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, असे तो म्हणतो. म्हणून आपल्या धर्मग्रामांतून एखादी विधवा किंवा आजारी बाप दारिद्र्यापायी मूल वसतिगृहात ठेवू पाहत असेल, तर प्रथम त्या घरालाच आधार देऊन मूल घरी राहील असे करावे. प्रायोजकत्व व पालक-संगोपन या सोयी कायद्यात त्यासाठीच आहेत, आणि त्यांची माहिती गरीब घरापर्यंत नेण्यास धर्मशिक्षकाहून जवळचा माणूस क्वचितच सापडेल.

नदीकाठच्या लव्हाळ्यात पेटीत ठेवलेल्या मोशेवर दुरून लक्ष ठेवणारी त्याची बहीण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या हाती सत्ता नव्हती, पेटीही तिची नव्हती. ती फक्त पाहत उभी राहिली, आणि योग्य क्षणी बोलली. जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार वाढले वा घटले तरी मुलाजवळ उभे राहून पाहण्याचे आणि वेळीच बोलण्याचे हे काम कोणत्याही दुरुस्तीने आपल्याकडून काढून घेतलेले नाही.